इंजिन ऑइल घेताना डब्याची मागची बाजू वाचा

परवा एका मित्राने फोटो पाठवला. दोन ऑइलचे डबे शेजारी शेजारी ठेवलेले आणि खाली एकच ओळ, "यातलं कुठलं घेऊ?" दोन्हीवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं, दोन्हीवर फुल सिंथेटिक, कंपन्या दोन्ही चांगल्या. मी त्याला म्हटलं डबे फिरव आणि मागच्या लेबलचा फोटो पाठव, आणि तुझ्या गाडीचं मॅन्युअल काढ. तर म्हणतो "अरे पण ग्रेड सेम आहे ना, मग काय फरक पडतो?" त्याची गाडी डिझेल आहे, डीपीएफवाली (म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असलेली), आणि तिथे खूप फरक पडतो. त्याला फोनवर सगळं सांगता सांगता अर्धा तास गेला, तेव्हा वाटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच.

मला स्वतःला हे कळलं ते माझ्या गाडीमुळे. सेकंडहँड घेतली होती, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन. घेतल्यावर पहिली सर्व्हिसिंग मी ओळखीच्या एका गॅरेजमध्ये केली, तिथल्या मेकॅनिकने सांगितलं की ५डब्ल्यू-३० म्हणजे पाणी असतं हो, इंजिन जुनं आहे, जरा जाड टाकूया, आवाज कमी होईल. आणि टाकलं २०डब्ल्यू-५०. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या हातून पूर्वीच्या शेकडो गाड्या त्याच ऑइलवर नीट चालल्या असणार, आणि मलाही पटलं, कारण घरच्या जुन्या गाडीत बाबा कायम तेच टाकायचे. दोन-चार दिवस आवाज खरंच कमी वाटला. मग रोज सकाळी स्टार्ट केल्या केल्या वरच्या बाजूने टर्रर्र असा टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या छोट्या पार्टचा, आवाज यायला लागला, तीन-चार सेकंद, मग बंद. ॲव्हरेज थोडं पडलं. पुढे एक दिवस चेक इंजिन लाइट लागला आणि स्कॅनरवर व्हॉल्व्ह टायमिंगचा एरर आला. दुसऱ्या एका मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे "ऑइल कुठलं आहे आत?" त्याने ते काढून मॅन्युअलप्रमाणे ५डब्ल्यू-३० भरलं, नवीन फिल्टर लावला, एरर क्लिअर केला, आणि सकाळचा आवाज दोन-तीन दिवसांत गेला. एरर परत आला नाही.

तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतलाय.

आता त्या नंबरांचं बघू, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट किंवा वजन नाही. हे आकडे ऑइल किती घट्ट किंवा पातळ ते सांगतात, पहिला आकडा गार इंजिनासाठी, दुसरा गरम इंजिनासाठी. हे एसएई या ऑटो इंजिनिअरांच्या संस्थेचं जे३०० नावाचं स्टँडर्ड आहे आणि त्यात हे आकडे टेस्ट करून ठरतात, कंपनीला वाटलं म्हणून लिहिले असं नसतं. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० डिग्रीला ते ऑइल एका ठराविक मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये, म्हणजे इंजिन फिरू शकलं पाहिजे. ०डब्ल्यूची तीच टेस्ट उणे ३५ ला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला. आणि दुसरा आकडा १०० डिग्रीला मोजतात, ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. बास, एवढंच. ३० हा काही ऑइलचा दर्जा नाही, आणि ५० म्हणजे ३० पेक्षा "जास्त चांगलं" असंही नाही.

यावर लगेच लोक म्हणतात, आमच्याकडे बर्फ पडत नाही मग ५डब्ल्यू कशाला. हा मुद्दा मलाही बरोबर वाटायचा. पण एक गोष्ट बघा, ऑइल गार असताना किती घट्ट असतं याचा आपल्याला अंदाजच नसतो. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ४० डिग्रीला साठ-पासष्ट सेंटिस्टोक असतं, म्हणजे रणरणत्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीतलं, नुसतं पडून असलेलं ऑइलसुद्धा इंजिनाला चालताना हवं असतं त्याच्या पाच-सहा पट घट्ट असतं. आणि २०डब्ल्यू-५० त्याच ४० डिग्रीला दीडशेच्या आसपास जातं. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने रोजची सकाळ ही गारच असते, हवा कितीही गरम असो. स्टार्ट केल्यावर ऑइल चेंबरमधून पंपाने उचलून फिल्टरमधून वर कॅमपर्यंत, टर्बोपर्यंत पोचायचं असतं, आणि तेवढा वेळ ते पार्ट जुन्या ऑइलच्या पातळ थरावरच घासत असतात. माझ्या गाडीचा तो टर्रर्र आवाज म्हणजे नेमके तेच तीन-चार सेकंद होते, हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइल भरायला लागणारा वेळ.

आणि व्हॉल्व्ह टायमिंगचा एरर? तोही त्यातूनच. आताच्या इंजिनात कॅमचं टायमिंग मागेपुढे करायचं काम ऑइलच्या प्रेशरवर होतं, छोटे छोटे सोलेनॉइड, त्यात बारीक जाळ्या, बारीक वाटा. इंजिन डिझाइन करणाऱ्याने ते सगळं एका ठराविक पातळ ऑइलचा हिशोब धरून केलेलं असतं, बेअरिंगचा गॅप, पंपाची साइझ, सगळं. त्यात जाड ऑइल घातलं की कॉम्प्युटर म्हणतो कॅम इथे ने आणि कॅम तिथे उशिरा पोचतो. जुन्या इंजिनात हे काहीच नव्हतं म्हणून तिथे २०डब्ल्यू-५० चालून जायचं, बाबांची गाडी त्यावर वर्षानुवर्षं सुखाने चालली ती त्यामुळेच. त्या इंजिनासाठी ते योग्यच होतं, मॅन्युअलमध्येच तसं लिहिलेलं होतं.

मग उलटा प्रश्न येतो की पातळ ऑइलने इंजिन झिजत नाही का. गरम इंजिनात बेअरिंगवर ऑइलचा थर किती टिकतो हे १०० डिग्रीच्या आकड्यावरून पूर्ण कळत नाही, कारण बेअरिंगमध्ये ऑइल प्रचंड वेगाने चिरडलं जातं आणि तापमान दीडशेच्या आसपास जातं. त्यासाठी वेगळी टेस्ट आहे, एचटीएचएस म्हणतात, १५० डिग्रीला मोजतात. ३० ग्रेडला तिथे कमीत कमी २.९ लागतं, २० ग्रेडला २.६. पण गंमत अशी की काही ५डब्ल्यू-३० ऑइल २.९ च्या जरा वर असतात आणि काही ३.५ च्या वर असतात. डब्याच्या पुढे दोन्हीवर ५डब्ल्यू-३० च लिहिणार! ज्या इंजिनाला ३.५ लागतं त्यात २.९ वालं घातलं तर थर कमी पडू शकतो, आणि ज्याला २.९ चं सांगितलंय त्यात ३.५ वालं घातलं तर मोडतोड होत नाही पण ॲव्हरेज जातं. हा फरक ओळखायचा कुठून, तर मागच्या लेबलवरून.

मागच्या लेबलवर दोन-तीन प्रकारची अक्षरं असतात. एक म्हणजे एपीआय, या अमेरिकन संस्थेचा दर्जा, त्यात पेट्रोलसाठी एस ने सुरू होणारं आणि डिझेलसाठी सी ने. एसएन २०१० मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये, एसक्यू २०२५ मध्ये. पेट्रोलच्या बाबतीत साधा नियम, दुसरं अक्षर जेवढं पुढचं तेवढं नवीन, आणि साधारणपणे नवीन ऑइल जुन्या इंजिनात चालतं, जुनं ऑइल नवीन इंजिनात चालेल असं नाही. मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल आणि तुम्हाला एसपी मिळालं तर बिनधास्त घ्या. उलटं करू नका. फक्त खूप जुनी, सपाट टॅपेटची इंजिनं असतील तर तिथे झिंक जास्त असलेलं ऑइल लागतं आणि नवीन ऑइलमध्ये फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून, आणि झिंकचं जे केमिकल असतं त्यातूनच तो येतो. असं इंजिन असेल तर वेगळा विचार करा.

छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांना एसपी का महत्त्वाचं हे सांगायलाच हवं, कारण माझी तीच गाडी आहे. या इंजिनात कमी आरपीएमला एकदम जोरात ॲक्सिलेटर दिला, म्हणजे वरच्या गिअरमध्ये चढावर वगैरे, तर कधी कधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. याला एलएसपीआय म्हणतात. साध्या नॉकिंगसारखं नाही हे, एकाच फटक्यात पिस्टनची कड तुटू शकते, रिंगची जागा फुटू शकते. आणि संशोधनात असं दिसलं की ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हे वाढतं. ऑइल साफ ठेवायला जे केमिकल घातलेलं, तेच! मग कंपन्यांनी कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम घेतलं, आणि २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मग एसपी आलं त्यात यासाठी टेस्ट आहे. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीपण टेस्ट आहे. म्हणजे बघा, सेम ५डब्ल्यू-३०, सेम फुल सिंथेटिक, पण एक जुन्या एसएनचा पडून राहिलेला डबा आणि एक एसपीचा, तुमच्या टर्बो इंजिनाला यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी अक्षरं म्हणजे एसीईए, युरोपियन गाडी कंपन्यांच्या संघटनेचं स्टँडर्ड. ए३/बी४, सी२, सी३ असं लिहिलेलं असतं. माझ्या मित्राच्या दोन डब्यांचं कोडं इथेच सुटलं. एक डबा होता ए३/बी४ आणि दुसरा सी३. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी, ती काजळी गाडी ठराविक अंतराने स्वतःच जाळून टाकते. पण इंजिनात थोडं थोडं ऑइल जळतच असतं, आणि ऑइलमधल्या धातूंच्या केमिकलची जी राख होते ती राख परत जळत नाही. ती त्या जाळीत कायमची बसते. म्हणून सी गटातल्या ऑइलमध्ये राख करणारे घटक कमी ठेवलेले असतात, आणि ए३/बी४ मध्ये तशी अट नाही. डीपीएफच्या गाडीत ए३/बी४ घातलं तर पहिल्या महिन्यात काहीच कळणार नाही, गाडी छान चालेल, पण वर्ष-दोन वर्षांनी डीपीएफचा लाइट वारंवार लागायला लागेल आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही येणार नाही की सुरुवात ऑइलपासून झाली. या गोष्टीचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चूक दोन मिनिटांत टळण्यासारखी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडीच्या कंपनीचा स्वतःचा अप्रूव्हल नंबर, फोक्सवॅगनचे ५०४ ००, ५०७ ००, मर्सिडीजचा २२९.५१, जनरल मोटर्सचं डेक्सॉस, असे. मॅन्युअलमध्ये असा नंबर दिला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तोच नंबर डब्यावर शोधा. आणि शब्द नीट वाचा, "अप्रूव्ह्ड" म्हणजे त्या कंपनीने टेस्ट करून मान्यता दिलीय, "रेकमेंडेड फॉर" किंवा "सुटेबल फॉर" म्हणजे ऑइल बनवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं आहे.

फुल सिंथेटिक, सेमी, मिनरल यावर लोक तासन् तास वाद घालतात, मी थोडक्यात सांगतो. सिंथेटिक या शब्दाचा अर्थ वाटतो तेवढा पक्का नाही. क्रूडवरच भरपूर प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप ३ बेस ऑइल आणि रासायनिक पद्धतीने बनवलेलं पीएओ म्हणजे ग्रुप ४, दोन्हीला बहुतेक ठिकाणी सिंथेटिकच म्हणतात, १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातीवरून यावर वाद झाला होता आणि ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असा निर्णय झाला. वापरणाऱ्याला फायदा हा की सिंथेटिक गारठ्यात लवकर वाहतं, गरम टर्बोत जळून कार्बन धरायचं प्रमाण कमी, आणि उडून कमी जातं. टर्बो असेल तर मी सिंथेटिकच घेईन, टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या थरावरच तरंगत असतो. साधं जुनं इंजिन आणि मॅन्युअलला मिनरल चालत असेल तर वेळेवर बदललेलं मिनरल हे दोन वर्षं तसंच ठेवलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगलं.

बदलायचं केव्हा, तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते. आणि तिथेच खाली बारीक अक्षरात "सिव्हिअर" वापराचं वेगळं अंतर असतं ते वाचा. सिव्हिअर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाळवंट किंवा रेस येते, पण रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करणं, ट्रॅफिकमध्ये तास तास रांगत जाणं, हे सगळं सिव्हिअरच आहे. छोट्या फेरीत ऑइल पूर्ण तापतच नाही, त्यामुळे आत धरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. रंगावरून ठरवू नका. डिझेलचं ऑइल तर बदलल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरमध्येच काळंकुट्ट होतं, ती काजळी ऑइलने धरून ठेवलीय म्हणजे ते आपलं काम करतंय.

डिपस्टिक मात्र बघत जा, मी दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी बघतो. गाडी सपाट जागेवर, इंजिन गार, काडी काढायची, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची, पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं नसतं. दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे, बऱ्याच गाड्यांत त्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. मग मी ते टोक नाकाजवळ नेतो. हिवाळ्यात एकदा ऑइलला पेट्रोलचा वास आला आणि लेव्हल मागच्या वेळेपेक्षा वर दिसली, नखाएवढी असेल. ऑइल आपोआप वाढत नसतं. महिनाभर गाडी फक्त दोन किलोमीटरच्या फेऱ्या करत होती, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरत होतं. मी त्या वेळी किलोमीटर व्हायची वाट न बघता ऑइल बदललं. लेव्हल वाढणं हे कमी होण्याएवढंच गंभीर आहे, आणि डिझेलवाल्यांनी जास्त लक्ष ठेवा, डीपीएफ साफ होताना तिथेही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. भरताना "थोडं जास्त असू दे" म्हणून खुणेच्या वर भरणंही चूक, क्रँक त्यात बुडून घुसळायला लागतो, फेस होतो, आणि फेस पंपाला धड उचलता येत नाही.

गाडी ऑइल खातेय म्हणून जाड ऑइल टाकायचं का, हे पण खूप जण विचारतात. आधी गळती बघा, पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा, इंजिनाच्या आतल्या वाफा बाहेर काढणारा तो छोटासा पार्ट अडकला की इंजिन ऑइल ओढायला लागतं आणि लोक रिंगा बदलायच्या गोष्टी करतात. त्यानंतरही जरा घट्ट करावंसं वाटलं तर मॅन्युअलमध्ये जी रेंज दिलीय तिच्या आतच वर सरका, बऱ्याच मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० ला पण परवानगी असते. पहिला आकडा तोच ठेवा. आणि वरून टाकायच्या त्या "इंजिन नवं करणाऱ्या" बाटल्या मी वापरत नाही, ऑइलमधल्या केमिकलचं प्रमाण आधीच तोलून ठरवलेलं असतं, त्यात आपण अजून काहीतरी ओतलं तर तो तोल बिघडतो.

वाटेत लेव्हल कमी झाली आणि नेमकं तेच ऑइल मिळालं नाही तर दुसऱ्या कंपनीचं, त्याच ग्रेडचं आणि जवळच्या स्पेकचं टॉप-अप करा, काही होत नाही, ऑइल एकमेकांत मिसळतात. कमी ऑइलवर गाडी चालवणं त्याहून शंभरपट वाईट. पण उरलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये टाकू नका, बहुतेक बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरू शकतो, तिथे जासो एमए (बाइकच्या ऑइलचं जपानी स्टँडर्ड) लिहिलेलंच लागतं.

तर मित्राचं. त्याने शेवटी मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो पाठवला, वाकडा काढलेला, पण ओळ स्पष्ट दिसत होती: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३. मी म्हटलं दुसरा डबा घे, सील नीट बघून घे, आणि त्याबरोबर फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर पण घे, तो जुना वॉशर परत लावतात आणि मग खाली थेंब थेंब गळत बसतं. काल रात्री त्याचा मेसेज आला, झालं काम म्हणून, आणि सोबत डिपस्टिकचा फोटो, लेव्हल वरच्या खुणेच्या किंचित खाली.